परसातले हॉप्स आणि आबांचा मांडव : दोन हंगामांच्या नोंदी

जागा : हिल्सबरो, ऑरेगन. घरामागचं परस, कुंपणालगतची उन्हाची पट्टी.
वाण : कॅस्केड एक, विलामेट एक.
हेतू : घरी बिअर करतोच, तर हॉप्सही (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलाची फुलं) आपल्याच वेलाचे असावेत.

१८ मार्च २०२३

बेणं मागवलं. दोन वर्षं नुसत्या गप्पा चालल्या होत्या. गेल्या ऑगस्टात वुडबर्नहून माउंट एंजलकडे जाताना हॉप्सचे मळे लागले आणि मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. अठरा-अठरा फुटांचे खांब, वर ताणलेल्या तारा, तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या आणि दोरीदोरीनं वर चढलेला हिरवागार वेल. तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला असं काही दिसलं की राहवत नाही. रस्त्यालगतची एक दोरी चिमटीत धरून पाहिली तर चक्क सुंभ! नारळाचा काथ्या. मागून कळलं की इथले मळेवाले तो श्रीलंकेहून आणवतात. वेलाला बारीक आकड्यांसारखे केस असतात, त्यांना खरखरीत काथ्यावर पकड मिळते, आणि काढणी झाली की दोरी वेलासकट कुजवता येते.

ऑरेगन हा हॉप्सचा जुना मुलूख. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कितीतरी वर्षं अमेरिकेत पहिला नंबर इथला होता. आता तो मान शेजारच्या वॉशिंग्टनमधल्या याकिमा खोऱ्याकडे गेलाय.

नात्यातले लोक हमखास विचारतात म्हणून लिहून ठेवते : इथं घरी बिअर करणं कायदेशीर आहे. १९७८ च्या फेडरल कायद्यानं एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलनची मुभा आहे, फक्त विकायची नाही. आमची मजल आजवर तीसच्या पुढे गेलेली नाही.

८ एप्रिल २०२३

लागण केली. दमट भुशात गुंडाळून आलेलं बेणं बोटभर जाडीचं आणि वीतभर लांब, थेट हळदीच्या बेण्याची आठवण यावी असं. अंगावर पांढरे फुटवे. आमची माती चिकण, हिवाळ्यात पाणी धरून ठेवणारी. म्हणून सपाटीवर न लावता द्राक्षाला करतात तसे दोन बोद केले, कंपोस्ट मिसळलं, आणि बेणं आडवं ठेवून वर दोन इंच माती ओढली. दोन्हींत आठ फूट अंतर, कारण मुळं इकडून तिकडे पसरली की कुठला वेल कुठला ते कळत नाही.

विकायला येतं ते बेणं मादी वेलाचं असतं. पपईत जशी नर-मादी झाडं वेगळी, तसंच हॉप्सचं. बिअरला लागतात ती मादी फुलं. नर शेजारी असला तर त्यांत बी धरतं, आणि ते ब्रूअरला नको असतं.

कॅस्केड घेण्याचं कारण थोडं भावनिक. हा वाण इथून दीड-दोन तासांवरच्या कोर्व्हॅलिसमध्ये तयार झाला. १९५६ साली धरलेल्या बियांमधून निवड होत होत १९७२ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. म्हणजे आमच्याकडची 'तास-ए-गणेश' जशी तासगावची, तशी ही या खोऱ्याची. विलामेट तर नदीचंच नाव.

२१ मे २०२३

सोळा फुटी खांब उभा केला. वर कप्पी, कप्पीतून काथ्याची दोरी, म्हणजे काढणीला वेल खाली उतरवता येईल. दोन्ही बुंध्यांना मिळून अकरा फुटवे आलेत. पुस्तकात दोरीला दोन-तीनच ठेवा म्हटलंय. माझा हात होईना. सगळे ठेवले.

११ जून २०२३

वसाहतीच्या समितीचं पत्र. खांब नियमात बसत नाही, तीस दिवसांत उतरवावा. सोबत आमच्याच खांबाचा फोटो, रस्त्यावरून काढलेला. फोटोत वेल फार सुंदर दिसतोय, हे मान्य करायला हवं.

खांब आठ फुटांवर कापला. वेल आता वर जाऊन, जागा संपली की स्वतःलाच मिठी मारतोय. टोकाशी नुसता गुंता.

१५ ऑगस्ट २०२३

काल पारा १०८ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे ४२ सेल्सिअस. ऑगस्टातला विक्रम म्हणे. इथं उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, ठिबक लावलंय म्हणून वेल उभा आहे. पण पानं पिवळट-तपकिरी दिसायला लागली, उलटून पाहिली तर खाली बारीक जाळी आणि हलणारे ठिपके. लाल कोळी. धूळ आणि उष्मा त्याला मानवतो. गुंत्याच्या आत, जिथं वारा शिरत नाही तिथं सगळ्यात जास्त. अकराच्या अकरा फुटवे ठेवल्याचं हे फळ. रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारतेय.

१० सप्टेंबर २०२३

पहिली तोडणी. दोन्ही वेलांची मिळून २१० ग्रॅम ओली बोंडं. (इथं कोन म्हणतात, आमच्या घरात बोंडं म्हणायचं ठरलंय.) पहिल्या वर्षी वेल मुळांत गुंतवणूक करतो, फार मिळत नाही, हे माहीत होतं. तरी वाईट वाटलं. वर्तमानपत्रावर दोन दिवस पसरून वाळवली, पिशवीत भरून किचनच्या खणात ठेवली.

२ डिसेंबर २०२३

पिशवी उघडली. ओल्या मोज्यांचा वास आणि मधोमध बुरशी. पाकळ्या वाळल्या होत्या, आतली दांडी ओली राहिली होती. शिवाय खणात, उबेत. सगळं फेकलं. बिअर विकतच्या हॉप्सची केली.

१६ जानेवारी २०२४

तीन दिवस बर्फगारपीट, तारांवर काचेसारखा थर, सोळा तास वीज नाही. वेल वरून केव्हाच मेलेला, खाली मुळं झोपलेली. त्यांना हे सगळं हवंच असतं.

३० मार्च २०२४

जांभळट कोंब जमिनीतून वर आले. या वेळी सगळे कापले. पहिल्या फुटव्याचे कोंब पोकळ आणि आडमुठे असतात. दुसऱ्या फुटव्यातले निवडून ठेवायचे.

कापलेल्या कोंबांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि धाकट्या चुलत्यांचा लगेच फोन : "हे तेच का गं, लाख रुपये किलोवालं? दोन एकर लावू काय?" २०२१ मध्ये बिहारमधला एक शेतकरी लाख रुपये किलोच्या हॉप्सच्या कोंबांची शेती करतो अशी बातमी देशभर फिरली होती. पत्रकार गावात जाऊन आले तेव्हा तिथं असली शेती नव्हतीच. युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, हे कोंब वसंतात महाग विकले जातात हे खरं, पण ते हातानं खुडायच्या मजुरीमुळे. भारतात हॉप्स होतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. काकांना एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग एकच एकर लावतो."

११ मे २०२४

आई-आबा आले. खरड छाटणी उरकून, भावाच्या हाती बाग देऊन. ऑक्टोबर छाटणीच्या आधी परत जायचंय, ही अट विमानतळावरच सांगून टाकली.

आबा माळकरी. बिअरबद्दल मी फोनवर आधीच सांगितलं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी परसात जाऊन वेलाचं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "पान तर द्राक्षाचंच की गं." खरंच फार साम्य आहे. मग खांबाकडे पाहून : "ह्यो काय बावटा लावलाय?"

समितीचं पत्र सांगितलं. थोडा वेळ कुंपणाकडे बघत राहिले. "उंच जायला बंदी हाय, आडवं जायला हाय का?"

१८ मे २०२४

मांडव झाला. सहा खांब, सात फूट उंची, वर दोन्ही बाजूंनी तारा, कोपऱ्यांना ताण. तार ओढायचं हत्यार इथल्या दुकानात मिळालं पण आबांना पसंत पडलं नाही. पाना आणि लाकडाचा तुकडा घेऊन त्यांनी त्यांच्या पद्धतीनं पीळ दिला. दोरीचं बंडल पाहून तेही माझ्यासारखंच म्हणाले, "हे तर सुंभ!" आणि किंमत विचारली. सांगितली नाही. शेणखताच्या पिशवीची सांगितली होती तेव्हा दिवसभर हसत होते.

दर दोरीला तीन फुटवे, बाकीचे बुडातून काढले. आबा कात्री चालवत होते आणि मी बघत होते. एकालाही थांबून पाहिलं नाही. मी म्हटलं, "आबा, तो चांगला जाड होता." "जाड व्हता म्हणूनच. पोकळ असतोय."

२६ मे २०२४

या नोंदीसाठी फोटो काढायला हवा होता.

आबा सकाळी चहाआधी परसात जातात आणि सुटलेले शेंडे दोरीला गुंडाळतात. काल एक शेंडा त्यांनी चार वेढे देऊन नीट बसवला. आज सकाळी तो पूर्ण सुटून बाहेर लोंबत होता. पुन्हा बसवला. दुपारी आम्ही जेवून आलो तर पहिले दोन वेढे ढिले. आबांना वाटलं वाऱ्यानं सुटला. वारा नव्हता.

मग लक्षात आलं. हॉप्सचा वेल वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखाच फिरतो. दुसरीकडून गुंडाळला तर स्वतःला सोडवून घेतो. त्याला द्राक्षासारखे तणावे नाहीत, सगळं खोडच पीळ घेत वर जातं. आबांनी उलटे वेढे दिले होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी हवेत बोट फिरवून पाहिलं. "म्हंजी परदक्षिणा घालतोय."

आता घरात हाच शब्द. चिरंजीवही (वय सात) शेंडा बसवताना "प्रदक्षिणा, प्रदक्षिणा" म्हणतो.

मोजमाप : कालचा दिवस आणि रात्र मिळून एका शेंड्याची वाढ २४ सेंटिमीटर. टेपनं मोजलंय. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काम करायचं, नाहीतर हातावर ओरखड्यांच्या लाल रेघा उठतात आणि दोन दिवस खाजतं.

८ जून २०२४

आठवडाभर पाऊस-ढग. बुडातून एक फुटवा निघाला, फिकट, आखूड, पानं आत वळलेली. मी खताची कमतरता समजले. आबांनी पान उलटलं, बोटानं चोळलं, बोट मला दाखवलं. करडी-काळी भुकटी. "दावण्या."

वीस वर्षं ऐकलेला शब्द, इथं ऐकून पोटात खड्डा पडला. आमच्या घरी दावण्या म्हणजे त्या वर्षीचं कर्ज. हॉप्सचा डाउनी मिल्ड्यू आणि द्राक्षाचा एकच नाही, रोगजंतू वेगळे, एकाचा दुसऱ्यावर जात नाही. पण चाल तीच : ओलावा, ढगाळ हवा, पानाच्या खालच्या बाजूनं हल्ला. गंमत अशी की द्राक्षाचा दावण्या मूळचा अमेरिकेतलाच. एकोणिसाव्या शतकात तो इथून युरोपात गेला, तिथं बोर्डोच्या बागांमध्ये मोरचूद-चुन्याचं औषध निघालं, आणि तेच 'बोर्डो' आबा गेली चाळीस वर्षं फवारतायत.

केलं ते असं : रोगट फुटवे मुळापासून काढून पिशवीत बंद करून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. बुडापासून तीन फुटांपर्यंतची सगळी पानं काढली, म्हणजे खालून वारा खेळेल आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडणार नाहीत. तांब्याचं तयार बुरशीनाशक दोनदा. आबांना मोरचूद आणून घरीच कालवायचं होतं, ते मी होऊ दिलं नाही. परसात नातू खेळतो.

मावाही थोडा आहे. तो हिवाळा आलुबुखाऱ्याच्या जातीच्या झाडांवर काढतो आणि शेजाऱ्यांकडे नेमकं तेच झाड. मावा खाणारे ढालकिडे पोचलेत, त्यांच्यावर सोडलं.

२१ जून २०२४

काल वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पंधरा तास चाळीस मिनिटांचा. रात्री नऊला आबा अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि त्यांना ते पटत नव्हतं.

वेल मांडवावर पोचलाय, आडव्या तारांवर पसरतोय. पण आडवं जाणं त्याच्या स्वभावात नाही. शेंडा सारखा आभाळाकडे तोंड करतो आणि वर काही न मिळाल्यावर खाली लोळतो. त्याला रोज हातानं तारेला लावावं लागतं. मळेवाल्यांना हे परवडणार नाही. आबांना दुसरं काम नाही.

आबांचा प्रश्न : फुटवा थांबवून फूल कधी आणायचं? छाटणी कधी?

त्यांच्या हिशेबानं बरोबर प्रश्न आहे. तासगावात द्राक्षाला झोपायला थंडी मिळत नाही, वेल बारा महिने जागा. म्हणून माणसानं कात्रीनं त्याचं वर्ष ठरवायचं. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, त्या काडीत पावसाळ्याआधी घड धरायचे, मग ऑक्टोबर छाटणी, की फेब्रुवारी-मार्चला माल. कात्री ज्या दिवशी चालवली त्या दिवसापासून दिवस मोजायचे.

इथं कात्रीला कुणी विचारत नाही. हॉप्स दिवसाची लांबी बघतो. दिवस मोठा आहे तोवर नुसता वाढतो. पुरेशी उंची आणि पेरं झाली आणि दिवस आखडायला लागला की फुलावर येतो. म्हणून त्याचा मुलूख साधारण ३५ ते ५५ अंशांमधला. हिल्सबरो साडेपंचेचाळीसवर. तासगाव सतरावर, तिथला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर. तिथं लावला तर तो कमरेएवढा होईतोच फुलायला लागेल, चार बोंडं देईल आणि बसेल. जिथं दिवस लहान तिथं लोक रात्री दिवे लावून त्याला फसवतात, हेही सांगितलं.

आबा बराच वेळ गप्प. मग, "शेवंतीला लावत्यात तसं." बरोब्बर. शेवंतीवाले पॉलिहाउसात दिवे लावून फूल लांबवतात. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

काकांना फोन करून एक एकरही रद्द करायला सांगितलं.

९ जुलै २०२४

पाच दिवस सलग पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास. पाणी दिवसातून दोनदा. या वर्षी लाल कोळी फक्त एका कोपऱ्यात. मांडवाखालून वारा जातो, हाच फरक.

बाजूच्या फुटींवर टोकेरी, पांढरट केसांचे गोळे आलेत. हा फुलोरा. आठवड्याभरात त्याची बोंडं व्हायला लागतील.

जेवताना सहज बोलून गेले की हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले. आबांनी घास खाली ठेवला. "आधी बियर. आता गांजा. म्हंजी भावकीच आणून लावलीस की."

४ ऑगस्ट २०२४

बोंडं मांडवाखाली लोंबतायत. शिडी नको, हात वर केला की तोडता येतील. समितीचे आभार मानावेत का, असा विचार मनात येऊन गेला.

शेजारच्या लॅब्राडॉरसाठी कुंपणाच्या फटीला जाळी मारली. हॉप्स कुत्र्याच्या पोटात गेले तर अंगातला ताप भराभर चढतो, जीवही जाऊ शकतो. ओले, वाळके, उकळून उरलेले, सगळेच वाईट. कुत्रा पाळणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी वाचायला हवं आणि मी सोळा महिन्यांनी लिहितेय.

१७ ऑगस्ट २०२४

आई-आबा गेले. तोडणी दोन आठवड्यांवर आलेली. तिकीट पुढं ढकलू म्हटलं तर "बागंत पानी साठलंय, त्यो एकटा काय काय बघंल" एवढंच.

जाण्याआधी गॅरेजमध्ये वाळवणाची मांडणी करून गेलेत. बेदाण्याच्या रॅकची ही बालआवृत्ती : खिडकीच्या जुन्या जाळ्यांच्या चौकटी एकावर एक, मध्ये चार बोटं अंतर, खाली पंखा आडवा ठेवलेला, हवा वर फेकणारा. गेल्या वर्षीची वर्तमानपत्राची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. तीन सूचना : सावलीत वाळवायचं (उन्हात बेदाणा काळा पडतो, ह्याचंही तसंच असणार), थर चार बोटांपेक्षा जाड नको, आणि वरून कोरडं दिसलं म्हणून फसायचं नाही.

२९ ऑगस्ट २०२४

कॅस्केडची बोंडं दाबल्यावर कागदासारखी वाजतात, सोडल्यावर परत फुगतात. पाकळ्यांच्या टोकांना किंचित तपकिरी रंग. एक मधोमध फाडलं : आत पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी धमक पूड. तीच लुप्युलिन, कडूपणा आणि वास दोन्ही तिच्यात. बोटांवर चोळून हुंगली, पपनस सोलल्यासारखा वास.

वासावर न थांबता वजन केलं. ५० ग्रॅम ओली बोंडं पूर्ण कोरडी केली, ११.५ ग्रॅम उरली. म्हणजे २३ टक्के. तोडायला हाच आकडा हवा होता.

३१ ऑगस्ट २०२४

तोडणी आणि बिअर एकाच दिवशी. येत्या शनिवारी गणपती बसतायत, त्याआधी सगळं आटपायचं हे नवऱ्यानं महिनाभर आधी जाहीर केलेलं. बाप्पा घरात असताना गॅरेजमध्ये बिअर उकळत नाही. यावर चर्चा नाही.

सकाळी साडेसहाला सुरुवात. चार माणसं, साडेतीन तास. कॅस्केड १.९ किलो, विलामेट ८०० ग्रॅम. विलामेटचा वास मवाळ, थोडा मसालेदार, हिरव्या वेलदोड्याच्या सालीकडे झुकणारा. बोटं काळपट-चिकट झाली, साबणानं हलेना. शेवटी फणसाच्या चिकाची युक्ती : आधी खोबरेल, मग साबण. लगेच सुटलं.

बिअर अशी. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) साडेचार किलो, थोडं क्रिस्टल माल्ट. भरडलेलं माल्ट ६७ सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवलं, गोड पाणी गाळून घेतलं आणि उकळायला ठेवलं. पहिल्या उकळीला जो फेस वर येतो तो काढताना दरवेळी गुऱ्हाळ आठवतं. काहिलीवरची मळी अशीच काढतात, वासही त्याच्या जवळपासचा, फक्त उसाऐवजी बार्लीचा.

कडूपणासाठी सुरुवातीला विकतचे हॉप्स घातले, ज्यांच्या पाकिटावर अल्फा आम्लांचं प्रमाण छापलेलं असतं. ती आम्लं तासभर उकळल्यावर रूप बदलतात आणि पाण्यात उतरतात, कडूपणा त्यांचा. घरच्या बोंडांत ती किती आहेत हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. कॅस्केड साधारण साडेचार ते सात टक्के म्हणतात, पण एवढ्या फरकात बिअर पांचट किंवा कडूजहर काहीही होईल. घरचे हॉप्स म्हणून शेवटी, वासासाठी. गॅस बंद करायला दहा मिनिटं असताना कॅस्केडची ४५० ग्रॅम ताजी, ओली बोंडं. वाळलेल्यांच्या चार-पाच पट घ्यावी लागतात, कारण पाऊण हिस्सा पाणीच. पातेलं काठोकाठ भरलं, हिरव्या भाजीसारखं दिसायला लागलं. बोंडांनी दोन लिटर रस पिऊन टाकला, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

सुरुवातीची घनता १.०५० (पाण्याची १ धरून; रसात साखर जास्त तशी ही जास्त). थंड करून यीस्ट घातलं. बादली गॅरेजच्या गार कोपऱ्यात, वर गोधडी.

उरलेली सव्वादोन किलो बोंडं जाळ्यांवर.

३ सप्टेंबर २०२४

अडीच दिवस पंखा चालू. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाकळ्या कुरकुरीत झाल्या होत्या आणि मला पिशवीत भरायचा मोह झाला. आबांना व्हिडिओवर दाखवलं. म्हणाले, एक घे आणि मधनं मोड. दांडी वाकली, तुटली नाही. तसंच ठेवलं. आज सकाळी कटकन तुटली.

२.२५ किलोचे ५७० ग्रॅम. हिशेब : कोरडा भाग २३ टक्के धरला तर ५१७ ग्रॅम, त्यात दहा टक्के ओलावा राहावा तर ५७५. जवळजवळ बरोबर. आबांना आकडा सांगितला. ते लगेच म्हणाले, "म्हंजी चाराला एक." द्राक्षाचा बेदाणाही साधारण चाराला एकच पडतो.

हवा काढून पिशव्या बंद केल्या, फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या शेजारी.

१४ सप्टेंबर २०२४

पाच दिवसांचे गणपती झाले. बादली उघडली. शेवटची घनता १.०११, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या किंचित वर. बाटल्या भरल्या, ४२.

५ ऑक्टोबर २०२४

पहिली बाटली. रंग कोवळ्या मधाचा, थोडी गढूळ. वासात पपनस आहे पण विकतच्या कॅस्केडसारखं टोकदार नाही. त्यामागे ओल्या गवताचा, तोडलेल्या देठाचा हिरवा वास आहे, जो वाळलेल्या हॉप्सच्या बिअरमध्ये कधी आला नव्हता. नवऱ्याला तो आवडला. मला पहिल्या ग्लासात खटकला, दुसऱ्यात नाही. कडूपणा कमी पडलाय, पुढल्या वेळी विकतचे हॉप्स पाच ग्रॅमनं वाढवायचे.

तिकडे छाटणी सुरू. आबा फोनवर धापा टाकत बोलत होते. मी बिअरचं काही बोलले नाही, त्यांनीच विचारलं, "जमली का?" जमली म्हटलं. "वेल चांगला हाय त्यो. बुडं झाकून ठेव थंडीत."

२३ मार्च २०२५

कोंब आले. कॅस्केडला चाळीसच्या वर, विलामेटला निम्मे. कॅस्केडचं एक मूळ बोद सोडून कुंपणाखाली शेजाऱ्यांकडे निघालेलं, फावड्यानं तोडलं.

कापलेल्या कोंबांची या वर्षी भाजी केली. लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वाफेवर पाच मिनिटं. चव कोवळ्या घोळीच्या आसपासची, शेवटी जिभेवर बारीक कडू. भाकरीबरोबर छान लागली. किलोला लाख रुपये मी तरी देणार नाही.

ताट दाखवायला आबांना व्हिडिओ लावला. त्यांनी ताटाकडे पाहिलं नाही, मागे खिडकीतून मांडव दिसत होता तिकडे पाहिलं. वायव्येच्या कोपऱ्यातली तार ढिली झाली होती. भाजी गार होईपर्यंत मी पाना घेऊन तार ताणत होते आणि ते फोनमधून सांगत होते, अजून एक पीळ, अजून अर्धा.